घड्याळाची नगरप्रदक्षिणा

नागपुरात पाहुणा आला, की आम्ही नागपूरकर त्याला ठरलेल्या वाटेने फिरवतो. सकाळी दीक्षाभूमी, दुपारी झिरो माइलचा दगड, संध्याकाळी फुटाळ्याचे पाणी आणि रात्री सावजीचे जेवण. या शेवटच्या मुक्कामी पाहुण्याच्या डोळ्यांत जे पाणी येते ते आमच्या आतिथ्याने येते की तिखटाने, याची चौकशी करण्याची आमच्यात पद्धत नाही. ही प्रदक्षिणा मी आजवर अनेकदा घातली आहे. पण २०२५ च्या श्रावणात, पोळ्याच्या आठवड्यात, मी एका अशा पाहुण्याला घेऊन गावभर फिरलो, की ज्याला ना भूक होती ना तहान. तो माझ्या सदऱ्याच्या खिशात रुमालात गुंडाळलेला होता आणि सारा दिवस छातीशी टिकटिकत होता.

तो पाहुणा म्हणजे माझ्या भाऊजींचे मनगटी घड्याळ.

भाऊजी रेल्वेत स्टेशनमास्तर होते. काटोल, पुलगाव, हिंगणघाट अशा स्टेशनांवर त्यांची हयात गेली. गाडी यायच्या पाच मिनिटे आधी फलाटावर उभे राहण्याची त्यांची सवय इतकी जुनी, की लग्नाच्या मुहूर्तालाही ते बोहल्यावर सगळ्यांच्या आधी जाऊन उभे राहिले होते, असे ताई सांगते. माणूस साधा, पान नाही, तंबाखू नाही, कपड्यांचा शौक नाही. २०१६ साली सातव्या वेतन आयोगाची थकबाकी हाती आली. तिच्यात थोडी शिल्लक घालून ताईने पाटल्या करायचे मनात आणले होते. पण एका संध्याकाळी भाऊजी घरी आले ते एक लाख पंचेचाळीस हजारांचे स्विस घड्याळ मनगटावर बांधूनच! एका जुन्या, मानाच्या कंपनीचे; रोज किल्ली द्यावी लागणारे.

ताईच्या चेहऱ्याकडे पाहून ते घाईघाईने म्हणाले, "अगं, सोनं चार वर्षांत जागचं हललेलं नाही. हे स्विस काम आहे. हा खर्च नव्हे, ही ठेव आहे, ठेव!"

सोन्याबद्दल ते खोटे बोलत नव्हते. २०१२ च्या अखेरीस दहा ग्रॅमला जो एकतीस हजारांच्या आसपासचा भाव होता, जवळपास तोच २०१६ च्या ऑगस्टातही होता. तेव्हा सोन्यात पैसा घालणाऱ्याला लोक सनातनी म्हणत. ताई गणिताची शिक्षिका. तिने आकडे मनातल्या मनात पडताळले आणि ती गप्प बसली.

२०२४ साली भाऊजी अचानक गेले. पुढच्याच वर्षी भाच्याला पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. पहिल्या हप्त्याला आणि वसतिगृहाला मिळून एक लाख दहा हजार हवे होते. ताईने कपाटातून घड्याळ काढले, रुमालात बांधले आणि माझ्या हाती दिले. म्हणाली, "तुझ्या ओळखी आहेत गावात. एवढं विकून आण. हे म्हणायचे ना, ठेव आहे म्हणून? ठेव मोडायची वेळ आली बघ."

मराठीच्या प्राध्यापकाच्या ओळखी म्हणजे दोन पुस्तकविक्रेते आणि एक छापखानेवाला. पण धाकट्या भावाने असे सांगायचे नसते. मी निघालो.

पहिला मुक्काम सीताबर्डी, म्हणजे आमच्या भाषेत बर्डी. शंकरनगरला मेट्रोत बसलो की चार घटकांचे काम राहिलेले नाही, दहा मिनिटांत माणूस बर्डीला उतरतो. खाली रस्त्यावर पोळ्याचा बाजार भरला होता. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी ओळीने मांडले होते आणि लहान मुले आईच्या पदराला ओढीत त्यांच्यापाशी अडत होती. त्या गर्दीतून मी काचेच्या दाराच्या एका मोठ्या दुकानात शिरलो. आत हिमालयाची थंडी. मखमलीच्या तबकात माझे घड्याळ ठेवून एका अदबशीर तरुणाने विचारले, "सर, बॉक्स? वॉरंटी कार्ड? बिल?"

बिल ताईने जपून ठेवले होते. वॉरंटी कार्डाचा पत्ता नव्हता. आणि बॉक्स? त्या सुंदर लाकडी डबीत भाच्याने लहानपणी कंचे ठेवले होते. कंचे हरवले तेव्हा डबीही हरवली.

तरुणाने सहानुभूतीने मान हलवली. "आम्ही जुनं घेत नाही सर. पण याचंच नवीन मॉडेल दाखवू का?"

त्याने दाखवले. चिठ्ठीवर किंमत दोन लाख चाळीस हजार. मी नुसता 'अरे बापरे' म्हणालो, तर तो खाली वाकून हळूच म्हणाला, "आपल्यासाठी वीस टक्के कमी करू सर."

वीस टक्के म्हणजे अठ्ठेचाळीस हजार! माझ्या एका 'अरे बापरे'ची एवढी किंमत यापूर्वी कुणी केली नव्हती. पण बाहेर आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. कोरे घड्याळ, दोन वर्षांच्या हमीसकट, चिठ्ठीपेक्षा अठ्ठेचाळीस हजारांनी स्वस्त मिळत असेल, तर नऊ वर्षे वापरलेल्याला कोण किती देणार? जुन्याची किंमत नव्याच्या चिठ्ठीवरून ठरत नाही. नवे प्रत्यक्षात जेवढ्याला सुटते तिथून खाली उतरायला लागते.

आणि त्या चिठ्ठीत तरी काय काय असते! कारखान्यात घड्याळ घडवण्याचा खर्च हा आतला गाभा. त्यावर कंपनीचा नफा, त्यावर चित्रतारे आणि क्रिकेटवीर यांच्या हसऱ्या चेहऱ्यांचे भाडे, त्यावर देशात येतानाचे आयातशुल्क, त्यावर दुकानदाराची काच, मखमल, थंडी आणि नफा, आणि सर्वांत वर सरकारचा कर. भाऊजींच्या वेळी तो व्हॅट होता, २०१७ पासून जीएसटी आला, तो घड्याळावर अठरा टक्के. हे सारे खर्च खरे आहेत. कुणी फसवीत नाही. पण ते लग्नातल्या मांडवासारखे आणि वाजंत्रीसारखे आहेत. ज्याचे लग्न त्याने ते द्यायचे. दुसऱ्या दिवशी मांडव उतरला, की त्याचे पैसे कुणी परत मागत नाही. घड्याळ दुकानाबाहेर पडले की मांडव उतरला. मागे उरते ते नुसते घड्याळ.

दुसरा मुक्काम सदर. इंग्रजी अमदानीच्या खुणा अजून अंगावर बाळगणारा हा भाग. तिथे एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर जुन्या उंची घड्याळांचा व्यवहार करणारे एक गृहस्थ बसतात, असे कळले होते. पाटी नाही, काच नाही. टेबल, दिवा आणि तीन फोन. त्यांनी घड्याळ एका लहानशा यंत्रावर चढवले. यंत्र घड्याळाचे ठोके ऐकते आणि पडद्यावर रेघ काढते. डॉक्टर हृदयाची काढतात तशी. "दिवसाला सात सेकंद पुढे. नऊ वर्षांत एकदाही साफ केलेलं नाही, तरी एवढंच. काम उत्तम आहे," ते म्हणाले.

मला धीर आला. मग त्यांनी मुंबईला फोन लावला. दोन मिनिटे हिंदीत बोलले, फोन ठेवला आणि म्हणाले, "पंचावन्न हजार."

"पण काम उत्तम आहे म्हणालात ना!"

"कामाचे पैसे कोण देतं, सर?" ते हसले. माणूस सज्जन होता. चहा मागवून त्यांनी मला सगळे समजावून सांगितले. घड्याळ घेतले की कंपनीकडून साफ करून घ्यायचे, त्याचा खर्च आहे. ते खरे आहे, बनावट नाही, आतला एखादा भाग बदललेला नाही, याची हमी पुढच्या गिऱ्हाइकाला त्यांनी द्यायची. गिऱ्हाईक आठ दिवसांत येईल, नाहीतर दोन वर्षांनी. तोवर पैसा अडकला. या सगळ्याची वजाबाकी आधीच करून ते भाव सांगतात.

"मग रोलेक्सची जुनी घड्याळं नव्यापेक्षा महाग जातात म्हणतात, ते?"

"जातात. रोलेक्स, पाटेक फिलिप, ओडेमार पिगे. त्यांचीही सगळी नाहीत, ठराविकच. तिथे नवं घ्यायला नाव नोंदवून थांबावं लागतं. ज्याला थांबवत नाही तो जुन्याला जास्त देतो. आणि तेही कायमचं नाही बरं. २०२१ मध्ये भाव आभाळाला भिडले होते, २०२२ च्या उन्हाळ्यापासून उतरले. त्या वेळी कर्ज काढून घेणारे अजून तोंड लपवतात."

म्हणजे जुने महाग विकले जाते ते चांगले म्हणून नव्हे, मिळत नाही म्हणून. ते मिळत नसण्याची दुसरीही एक तऱ्हा आहे. पॉल न्यूमन या अमेरिकन नटाच्या हातातले रोलेक्स २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात एक कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलरांवर गेले. त्या जातीची घड्याळे आणखीही आहेत. न्यूमनच्या मनगटावरचे ते एकच. आमचे भाऊजी पुलगावपासून हिंगणघाटपर्यंत कितीही लोकप्रिय असले, तरी लिलावात त्याचा उपयोग होण्यासारखा नव्हता.

'विचार करून सांगतो' असे म्हणून मी उठलो आणि चालत झिरो माइलपर्यंत आलो. वालुकाश्माचा तो खांब आणि चार घोडे. शेजारचा दगड १९०७ सालचा, ब्रिटिशांच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या वेळचा. हा देशाचा मध्यबिंदू म्हणून आम्ही मिरवतो. भूगोलाचे जाणकार ते तंतोतंत मानीत नाहीत, पण आम्ही त्यांना सावजीकडे नेत नाही एवढाच काय तो सूड घेतो.

खिशातले घड्याळ काढून पाहिले. एक वाजून दहा मिनिटे. मग एक गंमत आठवली. भारताची प्रमाणवेळ १९०६ पासून मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून मोजली जाते. नागपूर त्याच्या पश्चिमेला. म्हणून इथला खरा सूर्य घड्याळाच्या सुमारे चौदा मिनिटे मागे असतो. मध्य आमच्याकडे, पण वेळ मिर्झापूरची. घड्याळ नागपुरात, पण भाव मुंबईचा. आणि घड्याळाचेच कशाला? १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी असलेले हे गाव १ नोव्हेंबर १९५६ रोजी नकाशावरच्या एका रेषेने राजधानीचे नुसते शहर झाले. त्या दिवशी विधानभवनाचा एकही दगड ढळला नाही, एकाही सरकारी बंगल्याचे कौल फुटले नाही. बांधकाम तसेच्या तसे उत्तम. फक्त भाव उतरला. आता हिवाळ्यात अधिवेशनापुरती त्या वास्तूंना किल्ली मिळते आणि मग पुन्हा शांतता. नागपूरकराला ही गोष्ट कुणी शिकवायला नको, की वस्तू चांगली असणे आणि तिला भाव असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तिथेच मेट्रोत बसलो, बर्डीला गाडी बदलली आणि अग्रसेन चौकात उतरून इतवारीत शिरलो.

आमच्या जुन्या बाजारांची नावे वारांवरून आहेत: इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. ज्या काळी मनगटावर घड्याळ नव्हते त्या काळी वार कळला म्हणजे पुरत होते. इतवारीच्या सराफ्यात आजही तसे एक निराळेच घड्याळ चालते. त्याला दोन काटे नाहीत, एकच आकडा आहे. सोन्याचा आजचा भाव. दुकानादुकानातून तो फळ्यावर लिहिलेला. त्या दिवशी तो दहा ग्रॅमला लाखाच्या घरात होता.

आमच्या घरचे पिढीजात सराफ तिथे आहेत. त्यांनी घड्याळ तळहातावर झेलल्यासारखे केले आणि परत दिले. "पोलाद आहे, सर. वर सोन्याचं पाणीसुद्धा नाही."

"आत सतरा माणकं आहेत," मी शेवटचा बाण टाकला. तबकडीवर 'सतरा ज्वेल्स' असे लिहिलेले असते ना!

ते मनापासून हसले. "माझे आजोबाही असंच समजत होते." मग त्यांनी सांगितले, की चाकांच्या आसांची झीज होऊ नये म्हणून ही माणके बसवतात, पण ती कारखान्यातली. १९०२ साली व्हर्नुई नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने कृत्रिम माणूक बनवण्याची रीत जाहीर केली आणि तेव्हापासून त्यांची किंमत खड्याइतकी राहिलेली नाही.

त्याच वेळी एक बाई आल्या. पिशवीतून दोन बांगड्या काढल्या. तराजू, यंत्राखाली कस, वजन, घट वजा, गुणाकार. पाच मिनिटांत हिशेब पूर्ण. बांगडीचे खोके कुठे आहे, ती कुणी घातली होती, नक्षी जुनी की नवी, असे कुणी काही विचारले नाही. घडणावळ गेली ती गेली. उरले ते धातूचे मोल, आणि ते इतवारीत जे तेच झुरिकमध्ये. सोन्याला भाव आहे, कारण सोन्याला तोंडवळा नाही. घड्याळाला तोंडवळा आहे, म्हणून त्याला भाव नाही; त्याला फक्त गिऱ्हाईक असते, भेटले तर.

आता घरी जायचे तर ताईला तोंड दाखवायचे. त्याऐवजी मी चितार ओळीतून महालाकडे वळलो. गणपती आठवड्यावर आले होते. ओळीने मूर्ती उभ्या. काहींचे डोळे अजून उघडायचे. एक कारागीर केसाएवढ्या कुंचल्याने डोळ्याची रेघ ओढीत होता, आणि त्याच्या हाताकडे पाहताना मला वाटले, दहा दिवसांनी विसर्जन होणाऱ्या कामात हा माणूस एवढा जीव का ओततो? पुनर्विक्रीचा तर इथे प्रश्नच नाही.

बडकस चौकाच्या पुढे एका गल्लीच्या तोंडाशी माझे जुने घड्याळजी बसतात. दुकान म्हणजे एक काचेची पेटी, एक स्टूल आणि एक दिवा. वय सत्तरीच्या पुढे. माझ्या वडिलांची एचएमटी जनता तेच सांभाळतात.

"या जी सर. बसा." भिंग डोळ्याला लावून त्यांनी भाऊजींच्या घड्याळाचे मागचे झाकण उघडले आणि मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. शेवटी भिंग माझ्या हातात दिले. "पाहा तुम्ही बी."

मी पाहिले. आतले चक्र इकडून तिकडे झुलत होते, त्याच्या पोटात केसासारखी कमान श्वास घेतल्यासारखी फुलत होती, मिटत होती. पट्ट्यांच्या कडा आरशासारख्या घासलेल्या. ज्या कुणाला कधी दिसायच्या नाहीत अशा जागी बारीक लाटांची नक्षी. "सेकंदाला आठ ठोके देते हे," ते म्हणाले. मी नंतर घरी हिशेब केला: तासाला अठ्ठावीस हजार आठशे, वर्षाला पंचवीस कोटींवर.

मी त्यांना दिवसभराची कहाणी सांगितली. "एवढं चांगलं काम, आणि भाव पंचावन्न हजार! असं कसं?"

"चांगलं आहे म्हणूनच तर भाव नाही ना जी."

मी पाहतच राहिलो.

"सायकल मोडते. रेडिओ बिघडते. म्हणून माणसाले नवा लागते. हे मरत नाही. हे पाहा," त्यांनी पेटीतले एकेक घड्याळ पुढे केले. "हे फेवर लुबा, साठ सालाच्या आसपासचं. हे वेस्ट एंड, त्याच्याही आधीचं, पलटणीतल्या माणसाचं. दोन्ही चालू आहेत. त्याच्यानंतर जेवढे बनले तेवढे सगळे जिते. कंपन्या दरसाल नवे बनवून राहिल्या, जुने मरून नाही राहिले. आणि घेणारे? ते मोबाइलवर टाइम पाहून राहिले. माल साचला, घेणारे आटले. मग भाव कुठून येईन?"

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना जे दोन तासिकांत सांगावे लागले असते ते त्यांनी एका दमात सांगितले. गव्हाचे पोते खाऊन संपते; चांगले घड्याळ संपतच नाही. प्रत्येक उत्तम घड्याळ पुढच्या प्रत्येक घड्याळाचा प्रतिस्पर्धी होऊन बसते. त्यात वेळ दाखवणे या कामाची किंमत तर कधीच पडली. १९६९ च्या नाताळात जपानच्या सेको कंपनीने स्फटिकावर चालणारे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले, आणि काही वर्षांतच थोडक्या पैशांचे घड्याळ लाखाच्या घड्याळापेक्षा नेमकी वेळ सांगू लागले. तेव्हापासून किल्लीचे घड्याळ वेळेसाठी कुणी घेत नाही. ते घेतात ते हौसेसाठी, आणि हौस ज्याची त्याची असते. ती दुसऱ्याला विकता येत नाही.

"पण एचएमटीला तर आता भाव आला म्हणतात," मी वडिलांच्या घड्याळाकडे पाहत म्हटले. १९६१ साली जपानच्या सिटीझनच्या साह्याने बंगलोरला सुरू झालेला तो कारखाना. जनता, पायलट, सोना. आणि कांचन तर लग्नसराईत वशिल्याशिवाय मिळत नसे. २०१६ साली केंद्र सरकारने तो घड्याळांचा व्यवसाय बंद करायला मंजुरी दिली आणि ज्यांना कुणी विचारीत नव्हते त्या घड्याळांच्या मागे हौशी लोक लागले.

"कारखाना मेला म्हणून भाव आला," घड्याळजी म्हणाले. "पण तुमच्या जनताले नाही येनार. तुम्ही डायल रंगवून आणला होता ना?"

हे माझे पाप. १९९८ च्या सुमारास वडिलांना आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून मी त्यांच्या घड्याळाची पिवळी पडलेली तबकडी नव्याने चकचकीत रंगवून घेतली होती. वडील 'छान' म्हणाले आणि दोन दिवस ते घड्याळ त्यांनी घातलेच नाही. हौशी माणसाला हवे असते ते जसेच्या तसे, सुरकुत्यांसकट. मुंबईच्या बाजारातून अशी रंगवलेली जुनी घड्याळे ढिगांनी जातात, आणि जाणते गिऱ्हाईक त्यांना हात लावीत नाही. मी दीडशे रुपये देऊन वडिलांच्या घड्याळाचे वय पुसून टाकले होते.

झाकण बसवून घड्याळजींनी भाऊजींचे घड्याळ रुमालात ठेवले. "विकायचं असन तर विका. पण घासून-पॉलिश करून नका विकू. आणि ठेवायचं असन तर अडीच हजारात साफ करून, तेल देऊन देतो. अजून पन्नास वर्षं पाहायला नको."

संध्याकाळी ताईकडे गेलो. वाटेत तीन वाक्ये जुळवली होती. एकही उपयोगी पडले नाही. तिने दार उघडताच विचारले, "किती?"

"पंचावन्न हजार."

ती काही बोलली नाही. आत जाऊन चहाचे आधण ठेवून आली. मग टेबलावरच्या जुन्या लग्नपत्रिकेची पाठ माझ्यापुढे सरकवली. तिच्यावर पेन्सिलीने सुवाच्य अक्षरात गणित मांडलेले होते. एक लाख पंचेचाळीस हजार, भागिले एकतीसशे. घडणावळ वजा जाता बेचाळीस ग्रॅम. गुणिले आजचा भाव. खाली उत्तर: चार लाखांवर. उत्तराखाली शिक्षिकेच्या सवयीने दोन रेघा.

"हे तू आज मांडलंस?" मी विचारले.

"नाही रे. तू निघालास तेव्हाच."

मला भाऊजींची बाजू घ्यावीशी वाटली. "त्यांना तरी काय माहीत, ताई? ते खरंच ठेव समजून..."

"काही नाही," ती म्हणाली. "ठेव वगैरे त्यांनाही वाटत नव्हतं आणि मलाही. तीस वर्षं लोकांच्या गाड्यांची वेळ सांभाळली. एकदा स्वतःसाठी एक चांगलं घड्याळ घ्यावंसं वाटलं. तसं सरळ सांगायची लाज वाटली त्यांना. म्हणून ठेव म्हणाले. मला हवंय असं म्हणाले असते, तर मी काय नाही म्हणणार होते?"

चहा निवेपर्यंत आम्ही दोघेही गप्प होतो. मी आमच्यासारख्या घरांचा विचार करीत होतो. आपल्याकडे हौस उघड्या दाराने येत नाही. ती नेहमी काटकसरीचे कपडे घालून येते. दिवाणखान्यातला गालिचा 'टिकाऊ' म्हणून घ्यायचा, गावाबाहेरचा भूखंड 'पुढे वाढेल' म्हणून, आणि घड्याळ 'ठेव' म्हणून. मग पंधरा वर्षांनी बाजारात जाऊन तो शब्द वटवायचा, आणि वटला नाही की वस्तूला दोष द्यायचा. भाऊजींच्या घड्याळाने कुणालाही फसवले नव्हते. ते आठ वर्षे त्यांच्या मनगटावर, सेकंदाला आठ ठोके, आपले काम करीत होते. जे द्यायचे ते त्याने देऊन टाकले होते.

दुसऱ्या दिवशी ताईने आईच्या वेळच्या दोन बांगड्या बँकेत तारण ठेवल्या. तासाभरात पैसे खात्यावर आले. भाचा पुण्याला गेला. जाताना मी त्याला घड्याळ विचारले, तर तो म्हणाला, "मामा, मोबाइल आहे ना." मग मी ते महालात नेऊन अडीच हजार देऊन साफ करून आणले.

आता ते ताईकडेच आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीत, चहाच्या डब्याशेजारी. सकाळी सहाला दूध तापायला ठेवले, की ती त्याला किल्ली देते. भाऊजी ड्यूटीवर निघण्यापूर्वी द्यायचे, त्याच वेळेला. परवा मी गेलो तेव्हा विचारले, "बरोबर चालतं ना?"

"दिवसाला चार-पाच सेकंद पुढे जातं," ती म्हणाली. "यांचं सगळं असंच. गाडी यायच्या आधी फलाटावर."